जटायूचे कुळ

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की दहा-बारा किलोमीटरांवर कर्नाळ्याचा डोंगर समोर येतो. आकाशाकडे उभारलेल्या अंगठ्यासारखा त्याचा काळा सुळका दुरूनच ओळखता येतो. सुळक्याभोवती जुना किल्ला आहे आणि किल्ल्याच्या उतारांवर दाट झाडी आहे. ही झाडी १९६८ साली पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आली. त्या वेळी तिचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांच्या आसपास होते. २००३ साली ते वाढवून बारा चौरस किलोमीटरांहून अधिक करण्यात आले. मुंबईसारखे अफाट शहर इतके जवळ असूनही येथे दीडशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ घुमते. पानांआड बसलेला तांबट एकसारखा ठोके देत राहतो. शुभ्र, लांब शेपटी मिरवीत स्वर्गीय नर्तक या फांदीवरून त्या फांदीवर जातो, आणि झुडपांतून भारद्वाजाचा घुमारा ऐकू येतो.

अभयारण्य म्हणजे जेथे प्राण्यांना भय नाही असे अरण्य. तेथे शिकार करता येत नाही आणि झाड तोडता येत नाही. परंतु पक्ष्याला कुंपण ठाऊक नसते. तो उडतो, दूर जातो, शेतात उतरतो, गावावरून घिरट्या घालतो. अभयारण्याबाहेर त्याचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

फार प्राचीन काळापासून माणसाने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे. त्याने काही पक्ष्यांना पवित्र मानले. घराबाहेर पडताना भारद्वाज दिसला, तर हाती घेतलेले काम पार पडते, अशी आपल्याकडे समजूत आहे. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून ठेवतात. मोर हे कार्तिकेयाचे, गरुड हे विष्णूचे आणि घुबड हे लक्ष्मीचे वाहन मानले जाते. ज्याला पूज्य मानले त्याच्यावर सहसा कोणी दगड उचलीत नाही. श्रद्धेने अशा रीतीने अनेक जीवांना अभय दिले.

ही चाल केवळ भारतातच आहे असे नाही. रशियाच्या ईशान्य भागात याकुतिया नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. त्याचे क्षेत्र जवळजवळ भारताएवढे आहे, परंतु तेथील लोकवस्ती जेमतेम दहा लाख आहे. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरतो आणि नद्या गोठून त्यांचे रस्ते होतात. मे महिन्याच्या अखेरीस बर्फ वितळू लागले, की तेथील दलदलीत शुभ्र क्रौंच पक्षी उतरतात. या पक्ष्याचे सर्वांग पांढरे असते. तोंडाचा उघडा भाग तेवढा तांबडा, आणि पंखांची टोके काळी. ही काळी टोके उडतानाच दिसतात. याकुत लोक त्याला ‘क्यतालिक’ म्हणतात व पवित्र मानतात. या क्रौंचांच्या जोडीचे नृत्य ज्याच्या दृष्टीस पडेल तो भाग्यवान, अशी त्यांची श्रद्धा आहे. मादी एका वेळी दोन अंडी घालते, परंतु बहुधा एकच पिल्लू वाढते. हिवाळा जवळ आला, की हे क्रौंच सुमारे पाच हजार किलोमीटरांचा प्रवास करून चीनमधील पोयांग सरोवरावर जातात. आज जगात या जातीचे काही हजार पक्षी उरले आहेत, आणि ते जवळजवळ सर्व याच थव्यातील आहेत.

या जातीचा आणखी एक थवा भारतात येत असे. तो याकुतियातला नव्हता. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून तो राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर उतरे. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तेथे सुमारे दोनशे क्रौंच मोजले गेले होते. पुढे ही संख्या वर्षानुवर्षे घटत गेली. भरतपूरला त्यांना कोणी त्रास देत नव्हते. परंतु तेथे पोहोचण्याच्या वाटेवर शिकारी होते, आणि विसाव्याच्या पाणथळ जागा आटत चालल्या होत्या. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर भरतपूरला हे क्रौंच पुन्हा आले नाहीत. एका ठिकाणचे अभय पुरेसे नसते. पक्षी जेथे जेथे जातो तेथे तेथे ते असावे लागते, हा धडा भरतपूरने शिकविला.

अशीच, किंबहुना याहून दारुण, कथा आपल्या महाराष्ट्रातील एका पक्ष्याची आहे. तो पक्षी म्हणजे गिधाड.

रामायणातील जटायू सर्वांना ठाऊक आहे. रावण सीतेला पळवून नेत असता वृद्ध जटायूने त्याची वाट अडविली. आपले बळ रावणापुढे पुरणार नाही हे जाणूनही तो लढला. रावणाने त्याचे पंख छाटले. सीतेला शोधीत श्रीराम तेथे आले, तेव्हा जटायूने घडलेली हकीकत सांगितली आणि प्राण सोडला. पुत्राने पित्याचे करावे तसे श्रीरामांनी त्या पक्ष्याचे अंत्यसंस्कार केले. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचे गाव आहे. जटायूची व श्रीरामांची ती भेट येथेच झाली, असे तेथील लोक मानतात आणि त्या स्थानाला तीर्थ म्हणून वंदन करतात.

परंतु गंमत अशी, की जटायूला वंदन करणारी माणसेच त्याच्या कुळाला नावे ठेवीत आली. लोभी माणसाला ‘गिधाड’ म्हणतात. दुसऱ्याच्या संकटाचा लाभ घेण्यासाठी वाट पाहणारा ‘गिधाडासारखा टपून बसला आहे’, असे बोलतात. गिधाड दिसावयास कुरूप आहे आणि ते मेलेल्या जनावराचे मांस खाते, एवढ्यावरून ही निंदा होते. वास्तविक गिधाड सहसा जिवंत प्राण्याला मारीत नाही. त्याच्या पायांत घारीसारखी पकड नसते. शिकार हा त्याचा धर्मच नव्हे. त्याच्या डोक्यावर व मानेवर पिसे फार थोडी असतात, याला कारण आहे. मृत जनावराच्या शरीरात मान घालून खावे लागत असल्यामुळे पिसे असती तर ती माखून गेली असती. जे आपल्याला कुरूप वाटते, ते त्याच्या कामाला सोयीचे आहे.

आणि त्याचे काम किती मोलाचे! ऊन तापले, की जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढू लागते. त्या हवेच्या आधाराने, पंख जवळजवळ न हलविता, गिधाड आकाशात उंच तरंगत राहते आणि आपल्या तीक्ष्ण दृष्टीने मैलोगणती प्रदेश न्याहाळते. एकाला मृत जनावर दिसले व ते खाली उतरू लागले, की ते पाहून दुसरे येते, दुसऱ्याला पाहून तिसरे येते. पाहता पाहता थवा जमतो आणि थोड्याच वेळात हाडांखेरीज काही उरत नाही. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की भयंकर रोगांचे जंतूही तेथे नष्ट होतात. गावाबाहेरची घाण कोणी न सांगता आणि मोबदला न घेता दूर करणारा असा दुसरा सेवक नाही. पारशी समाजात मृतदेह दख्म्यात ठेवून तो गिधाडांच्या स्वाधीन करण्याची चाल आहे. मुंबईत मलबार हिलवर असे दख्मे आहेत. माती, पाणी व अग्नी यांना विटाळ होऊ नये, असा त्यामागील भाव. गिधाडे नाहीशी झाल्यावर या प्राचीन चालीपुढेही मोठी अडचण उभी राहिली.

१९८० च्या सुमारास भारतात गिधाडांची संख्या काही कोटींच्या घरात होती. १९९० नंतर मात्र ती झपाट्याने घटू लागली. हे प्रथम जेथे ध्यानात आले, ते ठिकाण पुन्हा भरतपूरच होते. घरटी ओस पडली होती. झाडांवर बसलेली गिधाडे मान खाली टाकून पेंगत आणि काही दिवसांनी मरून पडत. पंधरा वर्षांच्या आत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांत एकही उरले नाही. एखाद्या पक्ष्याचा इतक्या वेगाने झालेला ऱ्हास जगात क्वचितच कोणी पाहिला असेल.

कोणी गिधाडांची शिकार करीत नव्हते, कोणी त्यांची घरटी पाडीत नव्हते. मग ती मरत का होती? कित्येक वर्षे याचा उलगडा होईना. एखाद्या साथीच्या रोगाचा संशय घेण्यात आला. अखेर २००३-०४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी खरे कारण शोधून काढले. ते होते डायक्लोफिनॅक नावाचे औषध. बैल लंगडू लागला, गायीला ताप आला किंवा तिची कास सुजली, तर वेदना कमी व्हाव्यात म्हणून हे औषध देत असत. औषध स्वस्त होते व गुणही चटकन येई. परंतु औषध दिल्यावर लवकरच ते जनावर मेले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. तो गिधाडाच्या पोटात गेला, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि ते मरते.

यातील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. असे औषध असलेली मृत जनावरे फार नव्हती. शंभरांत एकाहूनही कमी जनावरे अशी असली, तरी गिधाडांचा निर्वंश होण्यास तेवढी पुरेशी होती, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले. एका जनावरावर सारा थवा जेवतो. म्हणून एका जनावरातील विष अनेकांना बाधते. शिवाय गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते, आणि पिल्लू मोठे होऊन घरटे करण्यास चार-पाच वर्षे लागतात. म्हणजे झालेली हानी भरून येण्यास फार काळ जावा लागतो.

शेतकऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. आपल्या मुक्या जनावराचे दुःख हलके व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या घरी रामायण वाचले जात असेल, जटायूचे नाव तो आदराने घेत असेल. तरीही त्याच्या हातून जटायूच्या कुळाचा घात झाला. कारण त्याला श्रद्धा होती, परंतु माहिती नव्हती. केवळ श्रद्धेने पक्षी वाचत नाहीत. श्रद्धेला ज्ञानाची आणि ज्ञानाला कृतीची जोड मिळावी लागते.

कारण कळताच उपाय सुरू झाले. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध जनावरांना गुणकारी आणि गिधाडांना निरुपद्रवी ठरले, तेव्हा त्याची शिफारस करण्यात आली. तथापि माणसांसाठी मिळणाऱ्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ साली इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरहून मोठी नसावी असा नियम झाला. त्याच जातीची आणखी दोन औषधे, किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक, २०२३ साली जनावरांसाठी बंद करण्यात आली. हरयाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनखाते यांनी गिधाडांच्या पैदाशीचे केंद्र चालविले आहे. तेथे वाढलेली काही गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रातील पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली.

परंतु सर्वच प्रयत्न सरकारने केले असे नाही. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात म्हसळा तालुक्यात चिरगाव नावाचे लहानसे गाव आहे. तेथील उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. देशभर गिधाडे नाहीशी होत असता येथे काही जोड्या तग धरून होत्या. महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले आणि वनखाते व ग्रामस्थ यांनी तिला साथ दिली. गिधाडांपुढे दोन अडचणी होत्या. पहिली घराची, कारण घरट्यायोग्य उंच झाडे तोडली जात होती. दुसरी अन्नाची, कारण गावांतील गुरे कमी झाली होती आणि मेलेले जनावर पुरून टाकण्याची पद्धत वाढली होती. ग्रामस्थांनी घरट्यांची झाडे राखली. जनावर मेल्याचे कळताच ते गिधाडांसाठी ठरलेल्या जागी नेऊन ठेवण्याची व्यवस्था झाली. घरट्यांच्या दिवसांत तेथे गोंगाट होऊ नये याची काळजी घेण्यात येऊ लागली. याच जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यातही गिधाडांना अन्न मिळावे म्हणून खास जागा करण्यात आली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन व म्हसळा या भागांत असंख्य झाडे उन्मळून पडली. नारळी-पोफळीच्या बागा पुन्हा लावता येतात. परंतु गिधाडाला घरटे करता येईल असे झाड वाढण्यास कित्येक दशके लागतात. म्हणून उभे असलेले एकेक उंच झाड राखणे, आणि उद्यासाठी आज रोप लावणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

पक्ष्यांविषयीचे हे ज्ञान कोठे मिळते? त्याचा आरंभ लहानपणीच्या एका साध्या प्रश्नाने होऊ शकतो. सुमारे १९०८ साली मुंबईतील एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ‘ही कोणती चिमणी?’ असे त्याने मामांना विचारले. मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याला त्या पक्ष्याचे नाव सांगितले आणि भुसा भरून जतन केलेले शेकडो पक्षी दाखविले. त्या दिवसापासून मुलाचे कुतूहल जागे झाले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. त्या वेळी त्यांचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. रायगड जिल्ह्यातील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि भरतपूरची पाणथळ पक्ष्यांसाठी राखली जावी म्हणून ते झटले. ज्या हाताने चिमणी पाडली, त्याच हाताने पुढे अगणित पक्ष्यांना जीवदान दिले.

डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, आणि अरण्याचे जाणकार लेखक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन दिवसांना जोडून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळण्यात येतो. त्या आठवड्यात शाळाशाळांतील मुले पक्षी पाहण्यास जातात. परंतु पक्ष्यांची ओळख वर्षभर करून घेता येते. एक वही घ्यावी. तीत दिसलेला पक्षी, दिवस, वेळ आणि जागा लिहावी. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच व आवाज टिपून ठेवावा आणि जाणत्याला विचारावे. कर्नाळ्यासारख्या अरण्यात जावे तेव्हा हळू बोलावे व कागद-पिशव्या टाकू नयेत. पतंगासाठी नायलॉनचा मांजा वापरू नये. तो झाडांत अडकून राहतो व पक्ष्यांचे पंख कापतो. घरी गुरे असतील, तर त्यांना दिले जाणारे औषध कोणते, हे वडीलधाऱ्यांना विचारावे आणि गिधाडांची हकीकत त्यांना सांगावी. जखमी पक्षी आढळल्यास वनखात्याला कळवावे.

या गोष्टी लहान दिसतात. परंतु शंभर जनावरांपैकी एकाहून कमी जनावरांतील औषधाने एवढा मोठा संहार घडविला, हे विसरून चालणार नाही. थोड्याशा अज्ञानाने जर इतके बिघडू शकते, तर थोड्याशा ज्ञानाने व काळजीने पुष्कळ सावरूही शकते. याकुतियातील मुलांनी आपला शुभ्र क्रौंच जपावा आणि रायगडातील मुलांनी जटायूचे कुळ जपावे. ज्याला वंदन करावयाचे, त्याला ओळखले पाहिजे. आणि ज्याला ओळखले, त्याला जगण्यापुरती जागा ठेवली पाहिजे.

स्वाध्याय

१. भरतपूरला येणारे शुभ्र क्रौंच का नाहीसे झाले?
२. गिधाडाच्या डोक्यावर व मानेवर पिसे कमी असण्याचे कारण कोणते?
३. ‘शेतकऱ्याला श्रद्धा होती, परंतु माहिती नव्हती,’ हे विधान स्पष्ट करा.
४. डायक्लोफिनॅक असलेली जनावरे थोडी असूनही गिधाडे इतकी कमी का झाली?
५. चिरगावच्या ग्रामस्थांनी गिधाडांच्या दोन अडचणी कशा दूर केल्या?
६. पुढील शब्द व वाक्प्रचार वाक्यांत योजा : तग धरणे, उलगडा होणे, नावे ठेवणे, निर्वंश, निरुपद्रवी.
७. ‘अभयारण्य’ या शब्दाची फोड करा. ‘अभय’ या शब्दासारखे नकार दाखविणारे पाच शब्द लिहा.
८. आपल्या गावात शुभ मानल्या जाणाऱ्या पक्ष्यांविषयी वडीलधाऱ्यांना विचारून माहिती लिहा. त्यांपैकी कोणते पक्षी आता कमी दिसतात व का, याचीही नोंद करा.